आहिस्ता मास्तरांचा बँड

आमच्या बँडचा आवाज स्टेशनापासून कुंडलिका नदीच्या पलीकडच्या जुन्या जालन्यापर्यंत ऐकू जात असे, आणि आमच्या बँडमास्तरांचं नाव होतं आहिस्ता मास्तर. यात काही विसंगती आहे असं गावाला कधी वाटलं नाही. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव त्यांना होतं, पण ते टेंभुर्णीच्या चावडीत राहिलं. वरात निघायच्या वेळी मास्तर आमच्याकडे तोंड करून उभे राहत, हातातली वेताची काठी वर धरत, प्रत्येकाकडे एकदा नीट बघून घेत आणि म्हणत, "आहिस्ता." आम्ही सगळे माना डोलवत असू, छातीत दम भरून घेत असू आणि मग असा बार उडवून देत असू की नवरदेवाची घोडी दोन पावलं मागं सरके. मास्तर डोळे मिटून घेत. लोक म्हणत, काय तल्लीन होतो हा माणूस.

मी या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतो. दिवसा एका कापसाच्या अडतीवर दिवाणजी आणि दिवस कलला की कलावंत, असा माझा दुहेरी संसार होता. मास्तर मला शेवटपर्यंत दिवाणजीच म्हणत, कलावंत काही म्हणाले नाहीत. आता म्हातारपणी कोणाच्या लग्नात जाऊन बसलो की शेजारचा माणूस माझ्या कानात ओरडून विचारतो, "हे बँडवाले एवढं मोठ्यानं का वाजवतात हो? बहिरे असतात का?" मी सांगतो, सुरुवातीला नसतात. पुढचं सांगायला गेलो तर त्याला ऐकू येत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

मास्तर मूळचे टेंभुर्णीच्या शेतकरी घरातले. औत धरायच्या वयात पळून जालन्याला आले, कारण तेव्हा जालन्यात पलटणीची छावणी होती आणि छावणीला बँड होता. तिथं त्यांना पितळेची वाद्यं पुसायचं काम मिळालं, आणि पुसता पुसता ते कार्नेट वाजवायला शिकले. कार्नेट म्हणजे ती लहानशी पितळी तुतारी. रात्रीच्या खान्याला साहेबलोक आत मेजावर बसत आणि बँड बाहेर ओसरीत. तिथं बँड इतका हळू वाजे की आतल्या काट्याचमच्यांचा आवाज त्याच्या वर ऐकू यावा. चुकून एखादा सूर चढला तर मोठा साहेब मान न वळवता नुसतं एक बोट उचली आणि हळूच खाली घेई. त्या बोटाबरोबर अख्ख्या बँडचा दम खाली येई. "एक बोट, दिवाणजी," मास्तर सांगत, "बोलनं न्हाई, चालनं न्हाई. एक बोट." साहेबाला बँड मुळातच नको असेल, अशी मला कायम शंका होती. ती मी एकदा बोलून दाखवली तेव्हा मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या खान्याच्या वेळी वाजवायची एक संथ चाल होती. मास्तर तिला 'खान्याची चाल' म्हणत. छावणी उठली, साहेब गेले, बँड पांगला. मास्तरांनी पोचे पडलेली चार वाद्यं घेतली, बाजारातल्या एका माडीवर तालीम सुरू केली आणि लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ लागले. मनात हेतू एकच, की एकदा तरी ती चाल, त्या आवाजात, कुणीतरी ऐकावी. एवढ्यासाठी जगात सगळ्यात वाईट धंदा कोणता निवडावा, तर लग्नाच्या बँडचा. पण हे त्यांना कोण सांगणार? शिवाय आमचंही पोट त्याच धंद्यावर होतं.

तालमीत ते एकच नियम शिकवत. "शेजारच्याचं ऐकू येईल एवढंच वाजवा." ऐकायला सोपं आहे. करून बघा. आमचा मोठा ढोल चाँदभाईंच्या गळ्यात. चाँदभाई दिवसभर कापसाच्या प्रेसमध्ये इंजिनाजवळ उभे असत, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या कानात इंजिनच चालू असे. त्यांना माझं क्लॅरिनेट ऐकू येत नसे, म्हणून ते ढोल जोरात मारत. ढोल जोरात आला की मला माझंच क्लॅरिनेट ऐकू येईना, म्हणून मी गाल फुगवून फुंके. मी फुंकलं की कार्नेटवाल्यांना वाटे, दिवाणजी पुढं पळतोय. ते चढत. झांजवाला या सगळ्यांच्या मधे उभा. त्याच्या नशिबात आपला आवाज सोडून काहीच नव्हतं, तो बिचारा जीव तोडून झांजा आपटी. अशा रीतीने नियम प्रत्येक जण पाळत होता आणि आवाज मात्र वाढत होता.

मास्तर चाँदभाईंना समजावून सांगत. चाँदभाई मोठे अदबशीर. ते छातीवर हात ठेवून म्हणत, "मास्टर, तुम बोले तो बिलकुल आहिस्ता बजाता. पन आहिस्ता बजानेकू ढोल कायकू? पेटारा बजाता ना." मास्तर नुसती काठी वर धरत. त्यांची ती काठी तशी दिसायला सुंदर होती, मुठीला चांदीची पट्टी होती. पण तिच्याकडे बघून आवाज कमी केलाय असा एकही प्रसंग मला आठवत नाही. काठीवर आवाज फक्त चढे. वर केली तरी चढे आणि खाली केली तरी चढे.

तरी हा दोष आमचा एकट्याचा नव्हता. सराफ्याजवळचे एक कापडवाले शेठजी मुलाच्या लग्नाची सुपारी द्यायला माडीवर आले होते. मारवाडातून येऊन जालन्यात तीन पिढ्या झालेलं घर, माणूस मितभाषी. मास्तरांना वाटलं, हा गृहस्थ शांत दिसतो, याला आपली गोष्ट पटेल. त्यांनी मोठ्या उमेदीने खान्याच्या चालीचा विषय काढला. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही चाल नदीच्या पल्याड ऐकू जाते का?"

"जात न्हाई, शेठजी. ती जवळ बसून ऐकायची चाल हाये."

"मंग जवळच्यांना तर मी जेवायला घालून राह्यलो ना," शेठजी शांतपणे म्हणाले. "त्याहिला परत बँड कशाला? पल्याडच्या पेठेत माझा चुलत भाऊ राहातो. त्याला आवतण न्हाई. त्याच्या दारापुढं बराबर वाजलं पाहिजे."

वरात पूल ओलांडून चुलत भावाच्या दारापुढे उभी करण्यात आली. दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं. चुलत भाऊ शहाणा, तो बायकामुलांसकट सकाळच्या गाडीनेच औरंगाबादला निघून गेला होता. मास्तरांना वाटलं, चला, आता पुढं जाऊ. शेठजींनी घोडी थांबवली. "वाजवा," ते म्हणाले, "शेजारी सांगतीलच." आणि त्या कुलपापुढे आम्ही भर दुपारच्या उन्हात ओठ सुजेपर्यंत वाजवलं. चाँदभाईंनी ढोल असा बडवला की कुलूप कडीत हलताना मी स्वतः पाहिलं. शेठजींचा चेहरा इतका प्रसन्न मी पुन्हा कधी पाहिला नाही. परतताना मास्तर मला म्हणाले, "दिवाणजी, इतके दिवस म्या उलटंच समजून राह्यलो. बँड आवतण दिलेल्यासाठी नसतो. ज्याला आवतण न्हाई त्याच्यासाठी असतो." हे त्यांचं वाक्य मी बऱ्याच विद्वान मंडळींच्या व्याख्यानापेक्षा मोलाचं मानतो.

मग मास्तरांच्या नशिबाला एकदा खरोखरीचा खाना आला. मंठ्याकडच्या एका देशमुखांकडे तहसीलदारसाहेब मुक्कामाला येणार होते आणि साहेबांच्या जेवणाच्या वेळी बँड हवा होता. मास्तर आठवडाभर हवेत होते. आम्हाला त्यांनी पडवीत बसून वाजवायला शिकवलं. चाँदभाईंच्या ढोल बडवायच्या टिपरूला फडकं गुंडाळलं आणि झांजवाल्याला सरळ घरी ठेवलं. त्या संध्याकाळी आम्ही खान्याची चाल खरोखरच आहिस्ता वाजवली. मला शेजारच्याचं ऐकू येत होतं. शेजारचा बेसूर वाजवतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि बहुधा त्यालाही माझ्याबद्दल कळलं.

थोड्या वेळाने आतून साहेबांचा पेशकार बाहेर आला, आमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहब पूछते हैं, बँड कब शुरू होगा?" त्याच्या मागोमाग देशमुख धावत आले, घामाघूम. "मास्तर, माझी इज्जत घालवता का? साहेबाला वाटलं बँडच आणला न्हाई."  मास्तरांनी स्वतःच्या हाताने चाँदभाईंच्या टिपरूचं फडकं सोडलं. पुढं आत काय चाललंय ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण वाढपी सांगत होता की साहेबांना वरण पाहिजे हे खुणेने सांगावं लागलं. निघताना साहेब देशमुखांना म्हणाले, बंदोबस्त बहुत अच्छा था.

असं सगळीकडून झाल्यावर माणसाने हट्ट सोडला असता. मास्तरांनी तो सोडला नाही, कारण घरी त्यांची ती चाल ऐकणारं एक माणूस होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, छबू. ती लहान असताना तिला झोप येत नसे, तेव्हा मास्तर कार्नेटच्या तोंडात बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, जुनं लुगडं कोंबून खान्याची चाल वाजवत. लुगड्यातून गाळून आलेली ती चाल ऐकत ती झोपे. मोठी झाली, स्वयंपाक शिकली, तरी भाकरी थापताना तिच्या हाताचा ठेका त्याच चालीचा असे. मी त्यांच्या घरी जेवायला बसलो की ते ऐके. चूल, भाकरी आणि त्यातून ती साहेबाची चाल. छबूने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "अप्पा, माझ्या लग्नात हीच वाजवा. अशीच, हळू."

"त्या दिवशी मालक बी मीच अन् बँड बी मीच," मास्तर म्हणत. "कोन सांगनार मला जोरात वाजव म्हून?" हे त्यांनी सगळ्या बँडला सांगितलं, काकूंना सांगितलं, अडतीवर येऊन माझ्या शेठलाही सांगितलं. कुठल्याही लग्नातून आम्ही कान किटवून परत निघालो की ते म्हणत, "असू द्या. छबूच्या लग्नात बघू." आम्हीही बघू म्हणत होतो. माणसाची एक इच्छा एवढी वर्षं ऐकली की ती थोडीथोडी आपलीही होते.

छबूचं ठरलं ते वडीगोद्रीच्या एका शेतकऱ्याच्या घरी. खाऊन-पिऊन सुखी घर. व्याही भला माणूस, पण बोलण्यात फटकळ. लग्न जालन्यातच, मास्तरांच्या दारी. आमच्याकडे लग्न लागण्याआधी परण्या निघतो. म्हणजे नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडतो आणि वाजत-गाजत मांडवात येतो. रिवाजाप्रमाणे मुलीच्या बापाने मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहायचं. मास्तरांनी तो रिवाज मोडला. डोक्याला लग्नाचा फेटा, अंगात बँडचा लाल कोट आणि हातात काठी, असे ते मारुतीपुढे आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. "आहिस्ता," ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही ते मनावर घेतलं.

चाँदभाईंनी टिपरूला घरूनच फडकं बांधून आणलं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतंच, म्हणून ते डोळे मास्तरांच्या काठीवरून हलवत नव्हते. खान्याची चाल सुरू झाली आणि गल्ली एकदम आगळीच वाटू लागली. घोडीच्या टापा ऐकू आल्या. बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या. कोणाच्या तरी घरात पोर रडत होतं, तेही ऐकू आलं. मांडवाच्या दारात बाशिंग बांधलेली छबू मामाच्या आडोशाने येऊन उभी राहिली होती, आणि एवढ्या लांबूनही तिची मान ठेक्यावर हलत असलेली मला दिसली. मास्तर तिच्याकडे पाठ करून चालत होते. पण त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी काठी काखेत मारली आणि नुसतं एक बोट वर धरलं.

अर्धी गल्ली अशी गेली. मग वऱ्हाडात चुळबुळ सुरू झाली. व्याही पुढे आले आणि खऱ्याखुऱ्या काळजीने त्यांनी विचारलं, "पाव्हणं, घरात काही वाईट-साईट घडलं का? बँड असा दबकत कामून वाजून राह्यला?" मास्तर हसले, नाही म्हणाले आणि चालत राहिले. तेवढ्यात वऱ्हाडातली कोणी आत्याबाई दुसरीला म्हणाली, आणि बँड हळू असल्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "अगं, पोरगी चोरून देऊन राह्यले का काय? गाजावाजा न्हाई म्हंजे काहीतरी खोट असन."

मी मास्तरांच्या समोरच होतो. त्यांचा चेहरा मला सगळा दिसत होता. हा माणूस शेठजींपुढे वाकला होता, देशमुखांपुढे वाकला होता, पण ते दुसऱ्याच्या घरचं होतं. आता प्रश्न त्याच्या पोरीच्या नांदण्याचा होता. वडीगोद्रीला जाऊन त्या आत्याबाईने हेच वाक्य पाणवठ्यावर सांगितलं असतं, तर छबूला ते जन्मभर पुसावं लागलं असतं. मास्तरांचं बोट तसंच वर होतं. त्याची त्यांनी मूठ केली. ते चाँदभाईंपाशी गेले, टिपरूचं फडकं ओढून काढलं आणि ओरडले, "मारा, चाँदभाई. जोरात मारा."

त्या दिवशी आम्ही जे वाजवलं तसं आम्ही पुन्हा कधी वाजवलं नाही. खान्याची चाल कधीच मागं पडली आणि हाताला येईल ते वाजत होतं. मास्तर स्वतः कार्नेट घेऊन पुढे झाले आणि गळ्याच्या शिरा टरटरून फुगेपर्यंत फुंकत राहिले. जुन्या जालन्यातली माणसं पूल ओलांडून बघायला आली. घोडी उधळली, नवरदेव मानेला मिठी मारून मांडवात पोचला. वऱ्हाड खूश. व्याही मास्तरांना मिठी मारून म्हणाले, "आता कसं बराबर झालं." आत्याबाईने कानात बोटं घातली होती आणि तिच्या तोंडावरचं समाधान त्या शेठजींच्या तोडीचं होतं. छबू दारातून आत निघून गेली होती. पुढं ती रडली, पण लग्नात मुली रडतातच, म्हणून कोणी तिला काही विचारलं नाही.

त्यानंतर मास्तर वरातीत "आहिस्ता" म्हणायचे बंद झाले. काठी वर करत, आमच्याकडे बघत आणि काही न बोलता खाली घेत. आम्हाला चुकल्यासारखं होई. चाँदभाई कधीकधी स्वतःच हळू आवाजात "आहिस्ता" म्हणून घेत आणि मग ढोलावर तुटून पडत. गावात मास्तरांचं नाव मात्र तेच राहिलं, एकदा पडलेलं नाव गाव परत घेत नाही.

छबू पंचमीला येई, दिवाळीला येई. सासरचं सगळं सांगे. लग्नाचा विषय मात्र ना ती काढी, ना मास्तर काढत. भाकरी थापताना तिच्या हाताचा ठेका आता साधाच होता, चार बायकांसारखा. मास्तर पाटावर बसून तो ऐकत आणि जेवण अर्ध्यावर टाकून उठत. मला म्हणाले, "एकडाव माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, दिवाणजी. शब्दच काढत न्हाई पोरगी." मी म्हणालो, तुम्ही काढा. ते म्हणाले, "काय सांगू? तुझ्यासाठीच मोडला तुला दिलेला शब्द, असं सांगू?"

मग ते वाईट वर्ष आलं, ज्यात निजामाचं राज्य गेलं. त्याआधीचे महिने ज्यांनी काढले त्यांना ते सांगायला नको आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. लोक संध्याकाळीच दारं लावून घेत. लग्नं झाली ती चार माणसांत, दिव्याची वात खाली करून, अक्षतासुद्धा दबकत टाकून. आमची वाद्यं माडीवर पडून होती. चाँदभाई आणि मास्तर रोज दुपारी तिथं येऊन शेजारीशेजारी बसत, पितळ पुसत. अख्ख्या मुलखात कुठं बँडचा आवाज नव्हता. मी सहज म्हणालो, "मास्तर, तुम्हाला हवं होतं तसं झालं." म्हणून गेलो आणि जीभ चावली. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "न्हाई हो. आहिस्ता म्हंजे हे न्हाई. आहिस्ता वाजवायला बी माणूस निर्भय लागतो."

पोलीस ॲक्शन झाली आणि बाजार पुन्हा उघडला, तोवर मास्तरांनी अंथरूण धरलं होतं. कान तर पार गेले होते. आयुष्यभर आमच्यासमोर उभं राहून आमच्याकडे तोंड केल्याचं ते फळ. वरातीतले सगळे पुढं जातात, ऐकणारे मागं राहतात, बँडमास्तर तेवढा तोफेच्या तोंडी असतो. वडीगोद्रीला निरोप गेला, छबू आली. केसात एखादी चांदी दिसू लागलेली, दोन पोरांची आई. ती उशाशी बसली आणि बापाच्या कानाशी वाकून म्हणाली, "अप्पा, तुमच्या त्या बँडनं मला सासरी कुणी कधी कमी लेखलं न्हाई. अजून सांगतात, हिच्या लग्नाला जालना हादरलं हुतं म्हून. ऐकून राह्यले का?" मास्तरांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवली का तू?"

इतकी वर्षं ज्या बोलण्याची त्यांनी वाट पाहिली ते ती आता बोलत होती आणि ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मला तिथं बसवेना. उठलो तर मास्तरांनी माझं धोतर धरलं. "दिवाणजी, वाजवा ना ती."

मी माडीवरून क्लॅरिनेट घेऊन आलो आणि खान्याची चाल धरली, अगदी हळू. मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "करा की सुरू." मी वाजवतच होतो. छबूने पदर तोंडाला लावला. मी आवाज वाढवला. "जरा जोरात, दिवाणजी," मास्तर म्हणाले. आणखी वाढवला. "जोरात." ज्या माणसाने आम्हाला आयुष्यभर उलटं सांगितलं तो जोरात म्हणत होता, आणि मी गाल फुगवून फुंकत होतो. दाराशी गल्ली गोळा झाली. कोणी विचारलं, कोणाचं लग्न आहे? बाहेर चाँदभाई बसले होते, ते लोकांना हाताने मागं सारत म्हणाले, "आहिस्ता बोलो रे, आहिस्ता."

छबूने हात लांब करून माझ्या क्लॅरिनेटच्या तोंडावर ठेवला. "हळू वाजवा, काका," ती म्हणाली. "त्यांनी कबूल केलं होतं तशी."

मी पुन्हा पहिल्यापासून धरली. तिने बापाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला, भाकरी थापायची तसा, लग्नाआधीचा. मास्तरांच्या कपाळावर आधी आठी आली, मग ती गेली. चाल कुठवर आली आहे हे त्यांना कळत होतं, कारण दुसऱ्या वळणावर, जिथं मी नेहमी घाई करतो, तिथं त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी सावकाश घेतलं. मग त्यांनी दुसरा हात वर केला, एक बोट उभं धरलं आणि हळूच खाली घेतलं. त्या बोटाबरोबर मी खाली आलो, इतका खाली की छबूच्या बांगड्या माझ्या वर ऐकू येऊ लागल्या.

"बराबर," मास्तर म्हणाले.

मास्तर त्याच आठवड्यात गेले. त्यांना त्या दिवशी एकही सूर ऐकू आला नव्हता. छबूला मात्र सगळी चाल शेवटपर्यंत ऐकू आली.